अण्णांचे सव्वीस रविवार

अण्णा,

काल दुपारी जेवणानंतर डोळा लागला आणि तुमचे इंटरनेटवरचे पान उघडताना दिसले. तेव्हा उघडायचे तसेच, वरून खाली, एकेक ओळ करीत. आधी फिकट निळी पट्टी, मग तुमच्या दुकानाचे नाव, मग तारीख. आणि तारखेखालचा मजकूर हलसूरच्या तळ्यावरून सकाळचे धुके सरकावे तसा, मुळीच घाई न करता. मी खुर्चीच्या कडेला बसून वाट पाहत होतो. मजकुराचे पहिले अक्षर स्पष्ट होणार तोच जाग आली. खिडकीत पांढरे ऊन होते.

तुम्हाला जाऊन एकवीस दिवस झाले. आपल्या मराठी मंडळाच्या अंकात तुमच्यावर मीच लिहावे असा सर्वांचा आग्रह आहे. ‘अण्णांच्या तुमच्याइतके जवळ कोण होते?’ असे अध्यक्षांनी सभेत विचारले तेव्हा सगळ्यांच्या माना डोलल्या, आणि मी खाली पाहिले. तो विनय आहे असे त्यांना वाटले. तुमचे दुकान कधीचे, तुमच्या आजोबांनी छावणीतल्या साहेबांचे कोट कसे शिवले, ही सारी हकीकत तुमच्या लेकीने, सुमनने, वेगळी लिहून दिली आहे. ती अंकात येईलच. मला सांगायचे आहे ते निराळे आहे. ते तुम्हालाच सांगायचे होते, आणि त्यासाठी माझ्यापाशी जवळजवळ दोन वर्षे होती.

आपली ओळख एका कोटामुळे झाली. पुण्याच्या नव्हे, इथल्या शिवाजीनगरच्या बस स्टँडमागच्या गल्लीत तुमचे शिवणाचे दुकान आहे हे कोणीतरी सांगितले होते. सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून मी पुण्याहून या कानडी शहरात आलो त्याला तेव्हा वीस वर्षे होऊन गेली होती. तुम्ही कोट हातात घेतलात, उलटा केलात, पुन्हा सुलटा केलात.

“पुण्याचा काय?”

“कोट?”

“कोट बी, तुमी बी. खांदा बगा की याचा. सुम्ने, उगी उभा नाही राहत, स्वतःला कोणीतरी समजतो.”

सोबत आलेली माझी पत्नी पदर तोंडाला लावून हसली. मीही हसलो, पण जरा उशिरा. आता वाटते, त्या एका वाक्यात तुम्ही माझे माप घेतले होते.

पुढे मंडळाच्या सभांना आपण शेजारी बसू लागलो. मी मंडळाची वेबसाइट तयार केली होती आणि त्याचा मला अभिमान होता, हे इथे स्वच्छ सांगितले पाहिजे. तुम्ही विचारलेत, “वेबसाइट म्हणजे काय हो साहेब?” मी उत्साहाने सुरू झालो: सर्व्हर, ब्राउझर, होमपेज, लिंक, होस्टिंग. तुम्ही हात वर केलात.

“स्वल्प थांबा. गिऱ्हाइकाला आधी कापड दाखवतात. मग धाग्याचा नंबर सांगतात.”

म्हणून पुढच्या रविवारी मी तुम्हाला इंदिरानगरातल्या त्या सायबर कॅफेत घेऊन गेलो. लाकडी जिना, वर पाच मशीन, खिडकीला हिरवा पडदा, आणि गल्ल्यावर बसलेल्या मालकीणबाई, ज्यांना सगळे नुसते ‘मॅडम’ म्हणत. फोनची लाइन लागेपर्यंत मोडेम शिट्ट्या घालायचा, खरखरायचा, मग एकदम गप्प व्हायचा. मॅडम पडद्याआडून म्हणायच्या, “स्वल्प वेट माडी अण्णा, लाइन सिगताइल्ला.” लाइन मिळत नसेल तेव्हा आपण पडद्यातून गाळून आलेल्या हिरवट उजेडात बसून राहायचो, जणू एखाद्या तळ्याच्या तळाशी. मला आजही त्या रविवारांची वेळ आठवत नाही, फक्त उजेड आठवतो.

मी सांगितलेला प्रत्येक शब्द तुम्ही आपल्या मापाने बेतून घेतलात. सर्व्हर म्हणजे परक्याच्या घरातले आपले कपाट. ते घर कधी कुलूप लावत नाही, म्हणून कोणीही कधीही येऊन बघू शकते. ब्राउझर म्हणजे चष्मा. कपाटात आहे तेच दिसते, पण चष्म्याशिवाय नाही. लिंक म्हणजे काज. या पानाच्या काजातून बोट घातले की पलीकडच्या पानाचे बटण लागते. आणि पान ज्या खुणांनी बांधले जाते, त्या एचटीएमएलच्या खुणा मी तुम्हाला उघडून दाखवल्या तेव्हा तुमचा चेहरा उजळला. “अय्यो, हा तर खडू! कापडावर आम्ही मारतो तो. घालणाऱ्याला दिसत नाही, शिवणाऱ्याला दिसतो.” मी वीस वर्षे यंत्रांत काढली, अण्णा. माझ्या हाताखालच्या इंजिनिअरांना मला हे इतक्या नेमकेपणाने कधी सांगता आले नव्हते.

मंडळाच्या साइटवर मी एक पिवळी पाटी टाकली होती, ‘काम चालू आहे’. तेव्हा सगळेच टाकत. ती पाहून तुम्ही म्हणालात, “ही कशाला? कुठलं दुकान कधी पुरं झालंय?”

मग तुम्ही स्वतःचे पान सुरू केलेत. फुकट जागा देणारी एक साइट होती. तिच्याच पानावर जाऊन तिथल्या तिथे लिहून अपलोड करायची सोय होती. मराठी अक्षरे पडद्यावर नीट उमटत नसत, म्हणून तुम्ही इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत होतात, उजव्या हाताच्या एका बोटाने. दर रविवारी एक मजकूर. त्या आठवड्यात दुकानात जे घडले ते. पहिला मला आठवतो, कारण तो तुम्ही मला वाचून दाखवला होता. एक म्हातारा बँडवाला दर वर्षी आपला लाल कोट अर्धा इंच सैल करायला आणतो. बँड बंद पडून खूप वर्षे झाली आहेत. ‘तो जाडा होत नाही,’ तुम्ही लिहिले होते, ‘कोट आटतो, असं आमचं दोघांचं ठरलंय.’

आपले भांडण दुसऱ्या रविवारी सुरू झाले, आणि ते खऱ्या अर्थाने कधी मिटले नाही. तुम्ही नवा मजकूर जुन्याच्या वर लिहिलात. मी म्हणालो, “अण्णा, सुरुवात वर असते. वाचणारा पहिल्यापासून वाचतो.”

“कोण सांगितलं?”

“पुस्तक उलटं कोणी लिहितं का?”

“हे पुस्तक नव्हे की. हे दुकान आहे. गिऱ्हाईक आलं की मी वरचा ताका आधी दाखवतो. खालचा हवा असंल तर तो काढायला सांगतो. माझ्या आज्याचा कोट आधी बघा मग तुमचं कापड दाखवतो, म्हटलं तर तुमी थांबाल काय?”

मी थांबलो नसतो. पण तसे कबूल केले नाही. दर रविवारी आपण दोघे शेजारी बसत होतो, तुम्ही वरून लिहीत होतात आणि मी वरून पाहत होतो.

पानाच्या तळाशी एक मोजणी असायची, किती जण येऊन गेले ते दाखवणारी. तुम्ही तिला ‘डोकावणाऱ्यांचा आकडा’ म्हणायचात. शिवाय पाहुण्यांची वही होती. वाचून झाल्यावर तिच्यात कोणीही दोन ओळी लिहाव्यात. मंडळाच्या साइटवर मी घटना, कार्यकारिणी, कार्यक्रमांचे वेळापत्रक, सगळे नीट क्रमाने लावले होते. तिची पाहुण्यांची वही कोरी होती. तुमच्या वहीत परदेशातून ओळी येऊ लागल्या. कोणी टोरांटोहून लिहिले की बँडवाल्याला आमचा नमस्कार सांगा. एका बाईंनी लिहिले, ‘रविवारची वाट पाहते.’ ते वाचून तुम्ही मान खाली घातलीत आणि चष्मा पुसलात. मी म्हणालो, “वा, अण्णा.” माझा आवाज मला बरा वाटला नाही, पण तुम्हाला तो बरा वाटला असावा.

पासवर्ड तुम्हीच मला सांगून ठेवला होता. “माझं डोकं म्हणजे फाटका खिसा,” तुम्ही म्हणालात, “चावी तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या.” मी तो माझ्या डायरीत लिहिला.

आता ते सांगतो.

मंडळाच्या वर्धापनदिनाला सभासदांची पाने मोठ्या पडद्यावर दाखवायचे ठरले होते. तुमचे पान असे उलट्या क्रमाचे, एका अखंड पट्टीसारखे लोकांना दाखवणे मला योग्य वाटेना. ते नीट लावून तुम्हाला आश्चर्याचा धक्का द्यावा असे मी मनाशी म्हणालो. बरीच वर्षे मी स्वतःला हे असेच सांगत राहिलो असतो, पण तुम्ही गेल्यावर एवढे तरी खरे सांगावे: मला तुमच्या पानाला माझा हात लागलेला हवा होता. टोरांटोहून येणाऱ्या ओळींमध्ये थोडा वाटा हवा होता. मी त्याला शिस्त म्हटले. तो हेवा होता.

एका बुधवारी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी तुमचे पान उघडले. आधी ते फ्लॉपीवर उतरवून घेतले. फ्लॉपी पुन्हा उघडून तपासली नाही. मग नव्या पानाचा सांगाडा केला: वर शीर्षक, खाली अनुक्रमणिका, आणि मजकुराच्या जागी रिकाम्या चौकटी, पहिल्या रविवारापासून शेवटच्यापर्यंत, संध्याकाळी घरी फ्लॉपीवरून भरायच्या. तो सांगाडा मी तुमच्याच पानाच्या नावाने अपलोड केला, कारण पत्ता तोच राहायला हवा होता. एका नावाची दुसरी फाइल चढवली की पहिली तिथे राहत नाही, ती बाजूलाही ठेवली जात नाही, ती नसते. हे मला ठाऊक होते. मीच ते तुम्हाला शिकवले होते.

संध्याकाळी घरी फ्लॉपी मशीनमध्ये घातली. ती दोनदा खरखरली, आणि वाचता येत नाही असे उत्तर आले. मी ती काढून पुसली, पुन्हा घातली. दुसऱ्या मशीनमध्ये नेली. तुमचा मजकूर आणखी कुठेच नव्हता. कागदावर तुम्ही कधी काही लिहिले नव्हते. सरळ पडद्यावर लिहीत होतात, एका बोटाने, सव्वीस रविवार.

गुरुवारी मी माझा सांगाडाही तिथून काढून टाकला, म्हणजे कोणाचा हात लागला होता ते कळू नये. जागा देणाऱ्या साइटला पत्र लिहिले असते तर त्यांच्याकडची एखादी जुनी प्रत कदाचित मिळालीही असती. मी लिहिले नाही, कारण त्यांचे उत्तर तुमच्या पत्त्यावर आले असते.

रविवारी तुम्ही नेहमीसारखे आलात, नव्या इस्त्रीच्या सदऱ्यात. पत्ता टाइप केलात. पडद्यावर आले की असे पान येथे नाही. तुम्ही अक्षरे तपासलीत, पुन्हा टाइप केलीत. तिसऱ्यांदा तुम्ही प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणत टाइप केलेत, जणू पडद्याला नीट ऐकू गेले नसेल.

“साहेब, मागच्या रविवारी मी शेवटाला काय दाबलं होतं?”

“आठवत नाही, अण्णा.”

“मीच काय तरी दाबलं असणार. कात्रीची बोटं ही. बारीक काम जमंना.”

मी तुमच्याकडे पाहिले नाही. पडद्याकडे पाहत म्हणालो, “होतं असं. नवख्यांकडून होतं. अपलोड करताना.”

मॅडम उठून आल्या. “बॅकअप इल्लवा, अण्णा?” बॅकअप नाही का, असे त्या विचारत होत्या.

तुम्ही माझ्याकडे वळलात. “बॅकअप म्हणजे काय?”

तो एक शब्द मी तुम्हाला शिकवलेला नव्हता. मी सांगितले: दुसरी प्रत, वेगळी ठेवलेली, एक गेली तर असावी म्हणून.

“म्हणजे शिवणीत सोडतो ती माया!” तुम्ही म्हणालात. “पोर वाढलं तर सोडायला. अहो साहेब, हे पहिल्या दिवशी सांगायचं की.” मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून तुमचा स्वर मऊ झाला. “तुमी कशाला तोंड पाडताय? तुमचं काय गेलं?”

जिना उतरताना तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. तुमची समजूत मी घालायची, तर माझी तुम्ही घालत होतात. रस्त्यावर गुलाबी फुलांचा सडा पडला होता आणि रिक्षा त्यावरून आवाज न करता जात होत्या. त्या रस्त्यात मी निदान चार ठिकाणी थांबलो असेन. प्रत्येक ठिकाणी तुम्ही विचारलेत, “काय हो?” आणि मी म्हणालो, “काही नाही.”

पुन्हा लिहा, असे मी तुम्हाला अनेकदा म्हटले. “बेडा, नको साहेब,” तुम्ही म्हणायचात. “उसवलेलं शिवता येतं. कापलेलं नव्हे.” पण तुम्ही रिकामे बसणारे नव्हतात. आठवड्याभरात कटिंगचे खाकी कागद घेऊन माझ्या घरी आलात. “शब्द आधी कळायला पाहिजेत. मला एक शब्द कळला असता तर सव्वीस रविवार गेले नसते. आपल्यातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी यादी करू. कोणाचं माझ्यागत व्हायला नको.”

अण्णा, ज्या चुकीपायी तुम्ही ते काम हाती घेतलेत, ती चूक तुमची नव्हती, आणि ते जाणणारा एकटा माणूस समोर बसून तुम्हाला चहा देत होता.

यादी सुंदर झाली. ‘डोमेन नेम म्हणजे दुकानावरची पाटी, दुकान हलवलं तरी पाटी आपली.’ ‘होमपेज म्हणजे उंबरा, इथून कुठं जायचं ते इथंच कळायला पाहिजे.’ ‘डाउनलोड म्हणजे तिथलं इथं उतरवणं.’ आणि मग: ‘अपलोड म्हणजे इथलं तिथं चढवणं. त्याच नावाचं दुसरं चढवलं की पहिलं गेलं. चढवण्याआधी बॅकअप ठेवा. मी ठेवला नाही. ही चूक माझी, तुम्ही करू नका.’ ते वाचताना मी म्हणालो, “हे शेवटचं वाक्य काढू या का, अण्णा?” तुम्हाला वाटले मी तुमचा मान राखतो आहे. “राहू द्या की,” तुम्ही म्हणालात, “पडलेल्याचं बघून लोक जपून चालतात.”

मंडळाच्या सभागृहात आपण नवशिक्यांचा वर्ग घेऊ लागलो. निवृत्त कारकून, दोन शिक्षिका, एक पापडवाल्या बाई. ‘अपलोड’ आले की तुम्ही छातीवर हात ठेवायचात: “हा शहाणा बगा! सव्वीस रविवार एका बोटानं घालवले.” सगळे हसायचे. मीही हसायचो, अण्णा. माझ्या सगळ्या गप्प राहण्याची मला लाज आहे, पण त्या हसण्याची अधिक.

तुमच्या आजारपणात हॉस्पिटलात शेवटचा भेटलो तेव्हा तुम्ही उशीला टेकून बसला होतात. विचारलेत, “यादीत नवीन शब्द काय आला?” मी सांगितले, अमेरिकेहून पुतण्याने कळवले आहे की तारीख घालून लिहिलेल्या, नवे वर आणि जुने खाली अशा पानांना तिकडे आता ‘वेबलॉग’ म्हणू लागले आहेत.

“नवीन वर?” तुमचे डोळे चमकले. “म्हणजे मी बरोबर होतो म्हणा.”

“हो, अण्णा. तुम्ही बरोबर होतात.”

तुम्ही समाधानाने डोळे मिटलेत. पडदे हलत होते. कोणी नर्स आत आली नाही, कोणी नातेवाईक आले नाहीत. मला अडवणारे काहीही नव्हते. पुरती पंधरा मिनिटे आपण दोघेच होतो आणि तुमचा हात माझ्या हातात होता. मी तुमच्या नखांतला खडू पाहत बसलो. मग तुम्हाला झोप लागली आणि मला सुटल्यासारखे वाटले. त्या सुटल्यासारखे वाटण्याबद्दल मी अजून स्वतःशी बोलू शकलेलो नाही.

तुम्ही गेल्यावर दहाव्या दिवशी सुमनने ते खाकी कागद माझ्या हाती दिले. “काका, अप्पांची यादी मंडळाच्या साइटवर घाला. त्यांचं नाव राहील.” मी घरी येऊन टाइप करायला बसलो आणि ‘अपलोड’पाशी हात थांबला. ते वाक्य तसेच चढवले तर माझे खोटे तुमच्या नावाखाली, कधी कुलूप न लागणाऱ्या त्या कपाटात, साऱ्या जगासाठी ठेवले जाणार. काढून टाकले तर तुमच्या लिहिलेल्याला पुन्हा एकदा तुम्हाला न विचारता कात्री लावल्यासारखे होणार. चार दिवस मी त्याच ओळीवर होतो. मग गेल्या रविवारी कागद घेऊन तुमच्या घरी गेलो.

सुमन तुमच्या दुकानातली बटणे निवडत बसली होती, रंगांप्रमाणे. मी उभ्याउभ्याच म्हणालो, “सुमन, ते पान अण्णांच्या हातून गेलं नव्हतं. मी घालवलं.” आणि मग सगळे सांगितले, बुधवार, फ्लॉपी, सांगाडा, गुरुवार. तिचा हात बटणांत तसाच राहिला.

“अप्पांना माहीत होतं?”

“नाही.”

“त्या आठवड्यात त्यांनी एकाच्या सुटाचं कापड चुकीचं कापलं,” ती म्हणाली. “जन्मात पहिल्यांदा. मला म्हणाले, सुमा, हातावरचा भरवसा गेला गं.” मग तिने विचारले, “का नाही सांगितलंत?”

“आधी हेवा वाटला होता. मग लाज वाटली. मग उशीर झाला.”

“उशीर कसला? दोन वर्षं रोज होते की ते. दुकानातच होते.”

ती ओरडली असती तर मला सोपे गेले असते. तिने कागद माझ्या हातून घेतला, ते वाक्य बोटाने शोधले.

“अप्पांचं खोडायचं नाही. त्यांच्या लिहिण्याला आता परत कोणी हात लावायचा नाही. खाली तुमचं लिहा. नाव घालून.”

मी तिथेच बसून लिहिले: ‘वरील चूक अण्णांची नव्हती. त्यांचे पान त्यांना न विचारता मी बदलले आणि माझ्या हातून ते नाहीसे झाले. मी हे त्यांना सांगितले नाही. ते स्वतःला दोष देत राहिले आणि मी तो देऊ दिला.’ खाली माझे पूर्ण नाव लिहिले. साइटवर तेच गेले आहे आणि या अंकातही तेच येत आहे. ज्यांनी वर्गात तुमच्यावर हसून घेतले, त्यांनी ते वाचावे.

सुमनने वाचले आणि कागद घडी न करता बाजूला ठेवला. मला वाटले, आता मी उठावे. तेव्हा ती म्हणाली, “काय काय होतं हो त्या पानात? ते इंग्लिश अक्षरातलं मराठी मला वाचता यायचं नाही. म्हटलं सवडीनं वाचू. मग राहिलंच.”

मला जे थोडे माहीत होते ते मी सांगितले. बँडवाल्याचा कोट सांगितला. मग त्या बाईंची गोष्ट सांगितली, ज्या गेलेल्या नवऱ्याची पँट मुलाच्या मापाची करून घ्यायला आल्या होत्या. काम तासाभराचे होते. तुम्ही त्यांना आठ दिवसांनी यायला सांगितलेत. त्या जाता जाता दारात घुटमळल्या, तेव्हा तुम्ही पँट परत त्यांच्या हातात दिलीत आणि म्हणालात, कापायची घाई नाही, सध्या घरीच ठेवा, आठव्या दिवशी घेऊन या. त्या पंधराव्या दिवशी आल्या. तुम्ही लिहिले होते, ‘मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. मुलाला पँट चांगली बसली.’

सुमन ऐकत होती. तिचे डोळे भरून आले होते, आणि त्यात मी नव्हतो, फक्त तुम्ही होतात.

“माझ्याबद्दल काही लिहिलं होतं का अप्पांनी?”

अण्णा, त्या क्षणी खोटे बोलणे किती सोपे होते. मला तुमची वाक्ये बनवता आली असती. तुमच्या लेकीच्या पहिल्या फ्रॉकवर, तिच्या बँकेतल्या नोकरीवर, तुम्ही लिहिला असता असा एक रविवार मी तिला तिथल्या तिथे देऊ शकलो असतो. तिने तो जन्मभर जपला असता आणि कोणालाही तो तपासता आला नसता. तिला तो हवा होता. तो कदाचित खरोखर होताही.

“मला माहीत नाही, सुमन,” मी म्हणालो. “तीन-चारच मजकूर मी ऐकले होते, ते त्यांनी वाचून दाखवले म्हणून. बाकी मी वाचले नव्हते. मी नुसता त्यांचा क्रम बघत होतो.”

खाली गल्लीत कोणीतरी शटर ओढले. मग ती उठून आत गेली. मी चपला घालाव्यात की बसावे ते न कळून तसाच राहिलो. ती परत आली तेव्हा तिच्या हातात पेन होते आणि खाकी कागदाचा एक कोरा ताव.

“सरी, ठीक आहे,” ती खाली बसत म्हणाली. “त्या पँटवाल्या बाईंचं परत सांगा. सावकाश सांगा, काका. आणि जे आठवत नाही, तिथं आठवत नाही म्हणा.”